गच्चीवरचा आकडा

बाबा हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे मीटर दुरुस्त करतात. दुरुस्ती झाली की मीटर गच्चीवर नेऊन मोकळ्या हवेत ताडून पाहायचं, हा त्यांचा तरुणपणीचा शिरस्ता. मोकळ्या हवेचा आकडा दहा लाख भागांत साडेतीनशे. काम शिकताना त्यांनीच तो मोजून वहीत लिहिला होता. मधली पस्तीसेक वर्षं त्यांनी दुसरीच यंत्रं दुरुस्त केली; हे काम यंदा पुन्हा सुरू केलं.

आज पहिलंच, एका शाळेचं मीटर घेऊन ते तिसऱ्यांदा गच्चीवरून खाली आले.

“पुन्हा चारशे सव्वीस! हात गेला गं माझा. उद्यापासून दुकान तूच बघ.”

“हात गेला असता तर सकाळी चहा बशीत सांडला असता.”

“थट्टा नको. चुकीचं मीटर मुलांच्या वर्गात कसं लावू?”

मी कपाटातून नवं सीलबंद सिलिंडर काढलं. आतल्या हवेतलं प्रमाण कारखान्यातच मोजून लेबलवर छापलेलं असतं. यावर चारशे होतं. नळी जोडली. मीटर चारशेवर येऊन थांबलं, एकानेही इकडेतिकडे नाही.

“बघा, हात शाबूत आहे.”

बाबांनी चष्मा पुसून लेबल वाचलं, मीटर पाहिलं, मग पिवळी पडलेली वही उघडली.

“मीटर बरोबर, हात बरोबर. हा आकडाही मी याच गच्चीवर घेतलेला. मग बिघडलंय काय?”

“गच्चीवरची हवाच राहिली, बाबा.”

ते पुन्हा वर गेले. मी मागोमाग गेले तर बाबा उघड्या आभाळाखाली स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे होते, तो कुठे फिरवायचा ते न कळून.