एक ते पाच

"मावशी, गावातल्या बहुसंख्य समाजावर तुमचा किती विश्वास आहे? एक ते पाचमध्ये सांगा."

पौडच्या तहसील कचेरीबाहेर बाकावर बसलेली जाईबाई दिशाला आयतीच सापडली होती. तालुक्यातल्या बौद्ध कुटुंबांची मतं गोळा करायला दिशा पुण्याहून आली होती. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण.

"बहुसंख्य म्हंजी कोण? जयसिंग का गेणबा?"

"सगळे मिळून."

जाईबाई गोंधळली. माले गावातल्या तिच्या भातखाचराची वाट जयसिंगने तारा ठोकून बंद केली होती. ती वाट पिढ्यान् पिढ्या वापरात आहे, असा जबाब आज तहसीलदारांपुढे देणार होता तो त्याचाच थोरला भाऊ, गेणबा. आपणहून कबूल झाला होता. त्याच्या तोंडून ते निघालं तर वाट उघडणार, नाहीतर यंदाची भातलावणी गेलीच म्हणायची.

"त्यो आला तर पाच लिही," जाईबाई म्हणाली. "न्हाई आला तर एक."

दिशाला हसू आलं, पण टॅबला हे कोण सांगणार? आकडा भरल्याशिवाय तो पुढचा प्रश्न दाखवत नव्हता.

तेवढ्यात गेणबा आला. जयसिंगच्या मोटरसायकलवर, मागे बसून.

गेणबा जवळ आला. "वैनी, च्या घेतला का?" असं त्याने नेहमीसारखं विचारलं, पण नजरेला नजर काही देईना. जयसिंगने त्याचा दंड धरला होता. आधाराला की धाकाला, कोण जाणे.

शिपायाने पुकारा केला. साक्षीदाराने एकट्यानेच आत यायचं होतं.

गेणबाने दंड सोडवून घेतला. "तू हितंच बस," तो भावाला म्हणाला. मग जाईबाईकडे वळला. "तुमीबी हितंच बसा."

दार लागलं.

बाक एकच होता. जयसिंग त्याच्या टोकाला टेकला. आतून गेणबाचा आवाज येत होता, शब्द काही लागत नव्हते. जाईबाई कान देऊन ऐकत होती आणि जयसिंगही. मान वाकडी करून, तोंड उघडं ठेवून. त्याला घाम फुटला होता.

"मावशी, आकडा?" दिशाने हळूच विचारलं.

जाईबाई जयसिंगकडे बघत राहिली.

"आदी ह्यास्नी इचार," ती म्हणाली. "ह्यांचा तरी किती हाय गेणबावर, बगू."