उलटा ठसा

पिशवीतला पहिला घडीचा चाकू मी पांचाळकाकांच्या हातात ठेवला. त्यांच्या बंद पडलेल्या कारखान्याचे चाकू मी वीस वर्षं जमवतोय.

"काका, यावर ठसा उलटा पडलाय. असल्या चाकूसाठी लोक जीव टाकतात. अस्सल आहे का?"

"अस्सलच. ठसे मीच मारायचो." त्यांच्या बोटांची चुळबुळ सुरू झाली. "ही चूक अजून डोक्यातून जात नाही."

चाकू घेऊन ते मोरीत गेले. मी धावेपर्यंत त्यांनी दगडावर घासून ठसा पार घालवला होता.

"सुटलो," ते म्हणाले. पण चुळबुळ थांबली नव्हती. "त्या दिवशी असे तीन गेले होते. बाकीचे दोन दिसले का रे कुठं?"

"नाही हो," म्हणत मी पिशवी पोटाशी घट्ट धरली. आतले दोन चाकू एकमेकांवर वाजले.