थांबलेला डाव

सियाफ्रिलच्या ड्रायव्हरने गाडी बरोब्बर करवंटीवर घातली. कट् असा आवाज झाला आणि अख्खी वाडी गप्प झाली. बदकंसुद्धा.

अस्निमार चुलीपुढून उठून बाहेर आली. हातात चुलीवरच्या रेन्दांगच्या मटणातला लांब दांड्याचा कालथा, त्यावरून मसाला गळतोय. इतक्या वर्षांनी धाकटा भाऊ आला होता, पण तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती टायरकडे पाहत होती.

“मागे घे,” ती ड्रायव्हरला म्हणाली. आवाज असा, की त्याने मालकाला विचारलं नाही.

अंगणात दोन करवंट्या पालथ्या असत. एकीखाली तिची गोटी, दुसरीखाली सियाफ्रिलची, आणि त्याच्या गोटीपुढे गल, गोटी पाडायचा खड्डा. तीस वर्षं. करवंट्या कुजल्या की नव्या यायच्या. गोट्यांना हात लावायचा नाही. लेकीच्या लग्नाचा मांडव या करवंट्यांपायी तिरका पडला, फोटोत नवरानवरी घसरल्यासारखी दिसतात. अस्निमारचा नवरा, बिचारा, मरेपर्यंत वळसा घालून विहिरीवर गेला. सरकारी सिमेंटचा रस्ता अंगणाजवळ येऊन एकदम वाकडा होतो. कंत्राटदाराशी तिचं काय बोलणं झालं ते कोणी सांगत नाही. इमामसाहेब तर जाता-येता सवयीने करवंट्यांनाही सलाम करत.

डाव साधा होता. मामा जाकार्ताहून आले होते, एका भाचराला बरोबर नेऊन शाळेत घालणार होते. त्यांनी सियाफ्रिलचं नाव काढलं. मुलगे बाहेर पडतात, घर-शेत मुलींचं राहतं, ही रीतच होती. अस्निमार म्हणाली, घर घाला चुलीत, मला जायचंय. मामांना गंमत वाटली. म्हणाले, मग खेळा गोट्या. जिंकेल तो माझ्याबरोबर येईल, हरेल तो घर आणि चूल सांभाळेल.

मूठ जमिनीला टेकलेली, अंगठ्याने टोला, मूठ उचलली की बाद. अस्निमार एकेक गल घेत पुढे गेली. शेवटी सियाफ्रिलची गोटी गलीच्या तोंडाशी, तिची दोन हात मागे, आणि खेळी तिची. टोला लागला की डाव तिचा. तो टोला तिने झोपेतही मारला असता. तेवढ्यात सियाफ्रिलने अंगठ्याला थुंकी लावली, अंगठा वर धरला आणि म्हणाला, “थांबलो. पाणी पिऊन येतो.”

थांबलो म्हटलं की डाव थिजतो. ज्याने थांबवला त्यानेच पुन्हा अंगठा चाटून ‘चालू’ म्हणायचं. त्याआधी दुसऱ्याने गोटीला बोट लावलं, तर तो हरला. हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. अस्निमार गुडघा टेकून बसून राहिली. सियाफ्रिल पाणी प्यायला, मागच्या दाराने निघाला आणि मामांबरोबर बसमध्ये बसला.

लोकांचं म्हणणं, तुला घर मिळालं, शेत मिळालं, रडतेस कशाला. ती रडत नव्हती. ती रोज दुपारी परसात सुपारीने नेम धरत होती. ईदेला सियाफ्रिलचा फोन यायचा, तो यायचा नाही. मुबारक म्हणून झालं की ती म्हणायची, “चालू म्हण.” लगेच लाइन तुटायची.

आता तो आला होता, चार खानावळींचा मालक होऊन. चारही पाट्यांवर लिहिलेलं: बहिणीच्या हातची चव. त्याने आयुष्यात कालथा धरला नव्हता, ते सोडा. पाचव्या खानावळीच्या पाटीसाठी त्याला बहिणीचा फोटो हवा होता. कालथ्यासकट.

“उनी, तू अजून तेच धरून बसलीयस?” तो थोरल्या बहिणीला म्हणाला. “घर तुझं, शेत तुझं. मला तर इथे धड झोपायला खोली नाही. आणखी काय पाहिजे तुला?”

“माझी खेळी.”

तो हसला. बाकी कोणी हसलं नाही. शेजारणी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. खेळी दिली तर फोटो देशील का, असं त्याने विचारलं. देईन, ती म्हणाली. मग त्याने अंगठा चाटला आणि म्हणाला, “चालू.”

करवंटीचे तुकडे उचलले. त्याची गोटी थोडी रुतली होती, पण हलली नव्हती. इमामसाहेबांनी वाकून पाहिलं आणि तसं जाहीर केलं. अस्निमारने दुसरी करवंटी काढली. कालथ्याच्या दांड्याने गल कोरून साफ केली. गुडघा टेकला. मूठ टेकवली.

टक्.

सियाफ्रिलने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. “जिंकलीस बाई. झालं समाधान? काढू फोटो?”

“धर,” ती म्हणाली आणि कालथा त्याच्या हातात दिला. शेजारणीने तेवढ्यात फोटो काढला. फोटोत अंगण, सियाफ्रिल आणि कालथा.

अस्निमार आत जाऊन पिशवी घेऊन आली. पिशवी दाराआड तीस वर्षं भरलेलीच होती; अंग वाढेल तसे आतले कपडे तेवढे तिने बदलले होते. ती गाडीत मागे बसली, दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, “जाकार्ता.”

ड्रायव्हरने सियाफ्रिलकडे पाहिलं. “मालक, डाव मीही बघितला,” तो म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.

घरातून करपल्याचा वास येऊ लागला. सियाफ्रिलने घाईघाईने अंगठा चाटला, वर धरला आणि ओरडला, “थांबलो!”

अस्निमारने काच खाली केली.

“संपलेला डाव थांबवता येत नाही. आत जा, पोरा. तळाला लागतंय.”