बाबांच्या कानाजोगा आवाज

बाबांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले, म्हणून मुलगा त्यांना मेटल डिटेक्टरसकट दुरुस्तीच्या दुकानात घेऊन आला. आईची अंगठी अंगणात हरवली होती. आई गेली, तरी बाबा ते यंत्र फिरवत, खुरपं घेऊन रोज अंगण उकरत होते.

दुरुस्तीवाल्याने फडक्याखाली नाणं ठेवलं. "आवाज आला की बोट वर करा, आजोबा!" तो ओरडला आणि यंत्राचा सूर जाड करत गेला. बोट काही हललं नाही.

"आवाज बंदच करून टाका हो," मुलगा म्हणाला. बाप समोर बसलेला असूनही त्याला कुजबुजायची गरज वाटली नाही. "फिरत बसतील नुसते. आमच्या डोक्याचा ताप तरी जाईल."

दुरुस्तीवाल्याने डोळा मारला. हेडफोनची वायर यंत्रातून उपटून तिचं टोक त्याने मुठीत धरलं आणि हेडफोन बाबांच्या कानांवर चढवला.

बोट लगेच वर झालं.

दोघांना हसू आवरेना. बाबा यंत्र घेऊन उठले. यंत्राच्या टोकाची गोल थाळी नाण्यावरून गेली, लोखंडी कपाटावरून गेली. ते थांबले नाहीत. मुलासमोर मात्र थांबले. थाळी त्याच्या पोटावरून हळूहळू वर सरकत छातीशी आली.

दुरुस्तीवाल्याच्या मुठीत वायरचं टोक एका लयीत ठोके देऊ लागलं.

"सापडली गं," बाबा म्हणाले. मग पिशवीतून खुरपं काढत त्यांनी मुलाच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"हलू नकोस, बाळा. फार खोल नाहीये."