बागेची जागा

"इथं बाग दाखव," बिल्डरने नकाशावर बोट ठेवलं. "हिरवीगार. दोन-तीन कारंजी टाक."

मॉडेल करणारी त्या बोटाकडे बघत राहिली. पंधरा वर्षं ती पुठ्ठ्याचे टॉवर आणि स्पंजची झाडं करून पोट भरत होती. नकाशा कसा वाचायचा हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. नाल्याचं वळण, पाण्याची टाकी, शाळेची मागची भिंत. बोटाखाली तिच्या मावशीची वस्ती होती. आई गेल्यावर याच मावशीने तिला लहानाचं मोठं केलं होतं.

"इथं लोक राहतात ना?"

"आत्ता राहतात," म्हणत बिल्डरने पान उलटलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिल्डर निदान थापा तरी मारत नव्हता. तिचा खरा राग होता वस्तीतून निवडणुकीला उभ्या असलेल्या उमेदवारावर. गेल्याच रविवारी तो मावशीच्या ओट्यावर मांडी घालून बसला होता. तिच्या हातचं पाणी प्यायला, तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाला, "आई, एक घर पडू देणार नाही. आधी माझ्या अंगावरून जावं लागेल त्यांना." मावशी तेव्हापासून हवेत होती. घरोघरी जाऊन त्याच्यासाठी मतं मागत होती. आणि या प्रकल्पाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणा तोच! पत्रिका टेबलावरच पडली होती, त्याच्या हसऱ्या फोटोसकट. मेल्याला लाज कशी ती नाहीच.

तिने काम घेतलं. टॉवर केले, बिल्डरला दाखवले आणि खोक्यात भरून ठेवले. उद्घाटनाला मांडायच्या फळीवर तिने वस्तीच उभी केली. एकशे त्रेचाळीस घरं, प्रत्येक पत्रा वेगळा रंगवलेला. मावशीच्या ओट्यावर तांदळाच्या दाण्याएवढी शिलाई मशीन. राग अनावर झाला की ती चिमटा खाली ठेवायची, पाणी प्यायची, पुन्हा बसायची. आपण कोणाच्या छाताडावर फ्लॅट घेतोय, हे गुंतवणूकदारांनी एकदा डोळे उघडून बघावं. पुढे काम मिळालं नाही तर गेलं खड्ड्यात.

उद्घाटनाच्या दिवशी पुढच्या रांगांत गुंतवणूकदार ऐटीत बसले होते. मागचा अर्धा हॉल मात्र ओस होता. "खुर्च्या रिकाम्या दिसल्या की बुकिंग थंडावतं," बिल्डर कुरकुरला. उमेदवाराच्या कार्यकर्त्यांना गर्दी जमवणं काय अवघड! ते नेहमीसारखे जवळच्या वस्तीत गेले आणि तीन टेम्पो भरून माणसं घेऊन आले. त्यात मावशी दिसली आणि मॉडेल करणारी गर्दीतून वाट काढत तिच्याकडे धावली.

"तू इथं कशी?"

"त्यांची सभा आहे ना! सगळ्या वस्तीला आणलंय. तुझंच काम का गं ते, कापडाखालचं?"

तेवढ्यात उमेदवाराने माईक हातात घेतला, मागच्या गर्दीकडे न बघताच हात हलवला आणि कापड ओढलं.

मॉडेलवर रोखलेल्या कॅमेऱ्यातून स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर वस्ती दिसली. बिल्डरचा चेहरा पांढराफटक पडला. मागे मात्र एकच गलका उठला. "अगं बाई, आपली घरं! माझी मशीनसुद्धा!" मावशी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. तिच्यामागे सगळी वस्ती उठली. दिल्या शब्दाला जागला गं बाई, असं ती शेजारणीला म्हणत होती.

टाळ्या ऐकून उमेदवार खुलला. आजची जागा आधी दाखवायची, टॉवर मग, असा काहीतरी बेत असणार, असं त्याने धरलं.

पहिल्या रांगेतला एक गुंतवणूकदार उठला. "साहेब, ही जागा मोकळी कधी होणार? आमचा पैसा अडकायला नको."

"ती काळजी माझ्यावर सोडा," उमेदवार माईकमध्ये हसला. "निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी बुलडोझर लावतो."