पांढरं पाणी

नाल्यातून येणारं पाणी चुना कालवल्यासारखं पांढरं झालं होतं, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तिने दोन्ही हातांनी हौदाच्या दाराचं चाक धरलं होतं. ते फिरवायचं की नाही, हे तिलाच ठरवायचं होतं.

उपनगरातल्या रस्त्यांवरचं, गच्च्यांवरचं, अंगणांतलं सगळं पावसाचं पाणी आधी या मोठ्या हौदात यायचं. इथे गाळ बसायचा, तेल आणि कचरा अडायचा, आणि निवळलेलं पाणी या लोखंडी दारातून तळ्यात सोडलं जायचं. हौद तिनेच आखला होता, मागे लागून बांधून घेतला होता. त्याआधी दर पावसाळ्यात तळ्यातले मासे पोट वर करून तरंगायचे. तळ्याकाठच्या विहिरींवर अर्ध्या उपनगराची तहान भागत होती.

दुपारी वरच्या अंगाला कीटकनाशकांचं गोदाम पेटलं. बंबांनी आग आटोक्यात आणली, पण त्यांचं पाणी आणि पावसाचं पाणी मिळून अख्खं गोदाम धुऊन नाल्याला लागलं. आता दार बंद ठेवलं तर विष हौदात अडणार होतं. पण हौद तुंबला की तेच पाणी उलटं फिरून खालच्या गल्लीत शिरणार होतं. हौदाचं दार बंद ठेवावं लागेल, गल्ली रिकामी करा, माणसं टेकडीवरच्या शाळेत हलवा, असा निरोप तिने केव्हाच धाडला होता.

खालच्या गल्लीत, तळमजल्यावर, तिची आई एकटी राहायची. आणि आई फोन उचलत नव्हती.

एरवी हे चाक फिरवणारे काका तिच्या शेजारी भिजत उभे होते. गल्लीत कमरेएवढं पाणी झाल्याचं त्यांनीच सांगितलं. माणसं निघाली असं म्हणतात, पण आपण कुठे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणाले. थोडंसं उघडू या का, तळं काय लहान आहे? थोडंसं विष असं काही नसतं, हे तिला ठाऊक होतं. तरी तिच्या हातांनी चाकावर जोर दिला. गंजलेलं लोखंड करकरलं. दाराखालून पांढऱ्या पाण्याचा एक ओघळ तळ्याच्या बाजूला डोकावला.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता.

आईची जीभ म्हणजे कात्री. प्रत्यक्ष देव भेटला असता तरी ती ‘उशीर केलास’ म्हणाली असती. मुलीची ही नोकरी तर तिच्या डोळ्यांत पहिल्यापासून सलत होती. चारचौघांत ती लेकीची ओळख ‘आमची गटारवाली’ अशी करून द्यायची. आजही तिने सुरुवात केली ती गाऱ्हाण्यांनीच. शाळेत आणून कोंबलंय म्हणे. बाकं टोचतात, चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, शेजारची बाई बसल्या बसल्या घोरते. आणि पोटच्या पोरीला साऱ्या जगाची काळजी, एक आई सोडून.

ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा तिला आईची कटकट गोड लागली.

मग आईने असं काही विचारलं, जे तिने एवढ्या वर्षांत कधीच विचारलं नव्हतं.

“ते पाणी तळ्यात गेलं तर काय होईल गं?”

“माणसं मरतील, आई. लहान मुलं आधी.”

पलीकडे जरा वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. “मग बंदच ठेव,” असं म्हणून आईने फोन ठेवला.

तिने चाक उलटं फिरवून दार घट्ट बसवलं. काकांना त्यावर साखळी घालायला लावली, आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. अंधार पडायच्या सुमाराला टँकर आले, पंप लागले. हौदातलं पांढरं पाणी उपसून दूर नेलं जाऊ लागलं. पलीकडे तळं होतं तसंच होतं, काळंभोर.

ती तशीच ओल्या कपड्यांनी शाळेत गेली. आता काय काय ऐकून घ्यावं लागेल, या विचाराने तिला हसूही येत होतं. वर्गावर्गांतून ती आईला शोधत फिरली. शेवटी आईची शेजारीण भेटली. तिच्याकडे पाहून शेजारीण गोंधळली. आम्हाला वाटलं, तुम्हीच तिला सगळ्यांच्या आधी नेलं असेल, म्हणाली. तुम्ही एवढ्या मोठ्या इंजिनीअर. म्हणून त्या घराकडे कुणी वळलंच नाही.

बंबवाल्यांनी घराचं दार फोडलं, तेव्हा आई पलंगावर होती. निघायच्या घाईत ती घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. कशीबशी सरपटत ती पलंगापर्यंत पोहोचली आणि वर चढली. पाणी मागोमाग चढलं होतं. गादी भिजून पांढरी झाली होती, लुगडं कमरेपर्यंत पांढरं झालं होतं. फोन तेवढा तिने छातीशी कोरडा धरून ठेवला होता.

आई वाचली. पण ती पुन्हा पायांवर उभी राहील असं समजू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बरेच दिवस ती ग्लानीतच होती. शुद्धीवर आली तेव्हा लेक उशाशी बसली होती. खोटं का बोललीस, असं तिने रडत रडत विचारलं. एक शब्द बोलली असतीस, तर मी धावत आले असते.

आईने तिचा हात हातात घेतला.

“तू आली नसतीस, बाळा. तू दार उघडलं असतंस.”