सात सेंट पाऊस

"डोकं मागे करा, हलू नका," लीलाबाई म्हणाल्या आणि वाटीत बुडवलेला कापसाचा बोळा त्यांनी शालिग्राम मास्तरांच्या डोळ्यांत पिळला.

गार वाटलं. चैत्र लागला की मास्तरांचे डोळे चुरचुरत. हा उपाय लीलाबाईंच्या माहेरचा, डोईफोडिया गावचा.

"रोज का नाही घालत?"

"रोज कुठे मिळतं?"

असेल जंगलातलं काही मूळबीळ, म्हणून मास्तरांनी पुढे विचारलं नाही. बायकांच्या औषधांत त्यांना रस नव्हता. डोळे पुसत ते अंगणात आले. सडा घालून झाला होता, रांगोळीही पडली होती. त्यांनी पर्जन्यमापकाची बाटली काढून उजेडात धरली. लख्ख कोरडी.

"शून्य," मास्तर म्हणाले आणि स्वतःशीच हसले. कौतिक आज पुन्हा काहीतरी आकडा घेऊन येणार, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी हवेने ताळतंत्र सोडलं होतं. चैत्र अर्धा सरला तरी बऱ्हाणपुरात रात्री गोधडी लागायची. गच्चीवर निजायला कुणी जात नव्हतं. दारंखिडक्या लावून सगळं गाव आत. दुपारी वावटळी, संध्याकाळी ढग, सकाळी पुन्हा आभाळ मोकळं. असल्या हवेचा नाद लागलेली चार माणसं दर रविवारी राजघाटाच्या पायऱ्यांवर जमत. मास्तर त्यांचे म्होरके. मग पोस्टातला श्रीकांत, कापसाचा व्यापारी सुकलाल आणि केळीची बाग करणारा कौतिक. कौतिक मास्तरांचाच जुना विद्यार्थी, आता बायकामुलांचा झालेला.

यंदा त्यांनी मुंबईहून दोन मापकं मागवली होती. एक मास्तरांच्या अंगणात बसलं, दुसरं कौतिकच्या बागेत, मास्तरांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. लीलाबाईंनी तेव्हा विचारलं होतं, "हे भांडं कशाला?" मास्तर म्हणाले होते, "पावसाचं पाणी धरायला." पुढचं समजावत बसण्याइतका त्यांना वेळ नव्हता.

दोन्हीकडचे आकडे दोघांच्या नावानिशी नागपूरच्या सरकारी कचेरीत जात. आपलं नाव गोरा साहेब वाचतो, याचं कौतिकला कोण अप्रूप! साऱ्या आळीला त्याने ते सांगून ठेवलं होतं.

घाटावर तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

"मास्तर, सात सेंट."

इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले सात. म्हणजे शिंतोडेच.

"माझ्याकडे शून्य," मास्तर म्हणाले. "मागच्या खेपेलाही शून्य. तेव्हा तुझ्याकडे पाच होते."

"पहाटे पडला, मास्तर. केळीच्या पानावर वाजत व्हता. मी सोता ऐकला."

"आणि माझं अंगण ओलांडून नेमका तुझ्या बागेत उतरला?"

सुकलाल खो खो हसला. श्रीकांत म्हणाला, "हौशी माणूस आहे मास्तर, जाऊ द्या."

"जाऊ कसं देऊ? खोटा आकडा साहेबाकडे गेला तर माझ्याही तोंडाला काळं. साहेबाने नाव वाचावं म्हणून बाटलीत पळीभर पाणी ओतायला काय लागतं?"

कौतिकचा चेहरा उतरला. तो पायऱ्या उतरला, नदीत घोटाभर उभा राहिला आणि त्याने ओंजळ भरून घेतली.

"तापीमायची आण. मी बाटलीत पानी वतलं नही. पडलं तेच सांगितलं."

तापीचं पाणी हातात घेऊन माणूस बोलला की या घाटावर वाद तिथेच मिटायचा. बांधावरून डोकी फुटायची वेळ आलेले भाऊसुद्धा त्या ओंजळीपुढे गप्प बसत. मास्तरांनाही हे ठाऊक होतं.

"मापक खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "माणूस बोलतो."

धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. श्रीकांत दुसरीकडे बघू लागला. कौतिकने ओंजळ सोडली, पाणी त्याच्याच पायांवर सांडलं, आणि मान खाली घालून तो घाट चढून गेला.

घरी जाताना मास्तरांना थोडी शरम वाटली. आकडा खोडला ते ठीक, पण आण नाकारायला नको होती. मग त्यांनी मनाशी घोकलं, शून्य म्हणजे शून्य.

दोन-तीन दिवसांनी कौतिकची आई धुरपदाबाई दारात आली. डोक्यावर पाटी, पाटीत मापक.

"हे तुमचं, मास्तर."

"कौतिक कुठे आहे?"

"बागेतून बाहेर निघत नही. आळीतले पोरं 'पावशा, पावशा' करून मागे लागतंस. दोन घास पोटात गेले नहीत त्याच्या." तिने पाटी उतरवली. "मना पोऱ्या लबाड नही, मास्तर. खरं बोलाले तुम्हीच शिकाडं त्याले."

मास्तरांना तिच्याकडे बघवेना. आईला लेक खराच वाटणार, असं काहीतरी ते पुटपुटले. म्हातारी पाणीही न घेता वळली. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मास्तर उंबऱ्यातच उभे राहिले. बोलवावं का कौतिकला, दोन शब्द गोड बोलावेत का? पण बोलणार काय? आकडा तर समोर होता.

लीलाबाई बाहेर आल्या. पाटीतलं मापक पाहून त्यांना आनंद झाला. त्यांनी ते पदराने आतून पुसलं आणि अंगणात पहिल्याच्या शेजारी नीट मांडलं.

"बरं झालं बाई, हे दुसरं आलं," त्या म्हणाल्या. "एका भांड्यात पहाटे जे पडायचं, ते तुमच्या डोळ्यांत घालण्यातच संपून जायचं."